पायथॉनमध्ये १,२५,००० हा आकडा वाचायचा कसा आणि लाखांचे स्वल्पविराम देऊन छापायचा कसा?

तुमच्या दोन अडचणी आहेत. वापरकर्त्याने १,२५,००० असं टाइप केलं की 'इंट' (मजकुराची पूर्णांक संख्या करणारं फंक्शन) व्हॅल्यूएरर, म्हणजे 'ही किंमत चालत नाही' अशी चूक, देतं, आणि छापताना तीच रक्कम १२५,००० अशी येते. दोन्हींचं मूळ एकच आहे: स्वल्पविराम हा संख्येचा भाग नाही, तो वाचणाऱ्याच्या सोयीसाठी असतो. म्हणून मी मजकुराची संख्या आत येतानाच करतो, हिशेब निव्वळ संख्येवर करतो आणि स्वल्पविराम, रुपयाचं चिन्ह वगैरे अगदी छापतानाच लावतो.

वाचताना मजकुरातली अक्षरं बदलणाऱ्या 'रिप्लेस'ने स्वल्पविराम काढा, मग 'इंट' लावा. मागचीपुढची मोकळी जागा 'इंट' स्वतःच सोडून देतं. देवनागरी अंकही पायथॉन ३ ला थेट कळतात, तेव्हा मराठी कीबोर्डवरून आकडे भरणाऱ्याला कृपा करून अडवू नका. मजकुरात फक्त अंक आहेत का, या तपासणीला मात्र 'इझडिजिट'ऐवजी 'इझडेसिमल' घ्या. वर्गाचा छोटा ² पहिल्याला चालतो, 'इंट'ला नाही. आणि कुणी दीड लिहिताना १,५ लिहिलं, तर सरसकट स्वल्पविराम काढल्यावर त्याचे १५ होतात! रक्कम पैशांची असेल तर स्वल्पविराम योग्य जागी आहेत का, हे आधी रेग्युलर एक्स्प्रेशनने (मजकूर ठरावीक साच्यात बसतो का ते तपासणाऱ्या सूत्राने) पाहा.

आता छपाई. एफ-स्ट्रिंगमधला (किमती थेट मजकुरात बसवायच्या पायथॉनच्या सोयीतला) स्वल्पविराम तीन-तीन अंकांचेच गट पाडतो, लाख-कोटी त्याला माहीत नाहीत. 'लोकेल' (देश-भाषेप्रमाणे आकडे लिहिण्याची पद्धत) मॉड्यूलमध्ये भारतीय इंग्रजी निवडून काम होतं, पण ते लोकेल त्या मशीनवर असावं लागतं, शिवाय ती सेटिंग अख्ख्या प्रोग्रॅमला लागू होते. सर्व्हरवर मी ते टाळतो आणि हेच काम करणारी 'बेबेल' लायब्ररी वापरतो. लायब्ररी नको असेल तर शेवटचे तीन अंक वेगळे काढा, उरलेल्यांचे उजवीकडून दोन-दोनचे गट करा: १२३४५६७८ चे १,२३,४५,६७८. वजाचं चिन्ह आधी बाजूला काढायला विसरू नका, नाहीतर उणे २५००० हे -,२५,००० असं छापलं जाईल.

पैसे असतील तर 'फ्लोट' (पायथॉनचा नेहमीचा अपूर्णांकाचा प्रकार) नकोच. २.६७५ दोन दशांशांपर्यंत छापून पाहा: २.६८ नव्हे, २.६७ येतं, कारण बायनरीत ती संख्या २.६७५ पेक्षा किंचित कमी साठवली जाते. त्याऐवजी दशांश जसेच्या तसे ठेवणारा 'डेसिमल' घ्या, तेही थेट मजकुरावरून बनवा, मध्ये 'फ्लोट' आणू नका. पूर्णांकन कसं करायचं तेही स्पष्ट सांगा. 'डेसिमल'चा मूळ नियम अर्ध्यावरची संख्या जवळच्या सम अंकाकडे नेतो, आणि आपल्याला बिलात बहुधा तसं नको असतं.

यादी छापणार असाल तर आणखी एक. रुंदी ठरवून मजकूर रकान्यात बसवताना पायथॉन काना-मात्रा वेगळ्या मोजतं. 'किराणा' त्याच्या लेखी सहा अक्षरांचा आहे. त्यामुळे मराठी नावांपुढचे आकडे वेडेवाकडे दिसतात. आकड्यांचा रकाना आधी घ्या आणि नाव शेवटी, किंवा सरळ एचटीएमएल तक्ता करा.