‘आपल्या ऋण्यांस’ म्हणजे नेमके कोणास?

प्रश्न: ख्रिस्ती लोकांच्या प्रभूच्या प्रार्थनेत ‘जसे आम्ही आपल्या ऋण्यांस ऋण सोडले आहे तशी तू आमची ऋणे आम्हांस सोड’ असे म्हणतात. ज्यांचे आपण ऋणी, त्यांना आपण काय सोडणार? शिवाय ‘पापांची माफी’ म्हणू नये, ‘क्षमा’च म्हणावे, हे खरे का?

उत्तर: सत्कारसमारंभांनी हा शब्द नासवला. शाल-श्रीफळ काखेत मारून जो तो ‘मी आयोजकांचा ऋणी आहे’ म्हणतो आणि घरी जातो. फेडत कोणीच काही नाही. त्यामुळे ऋणी म्हणजे ‘आभारी’ असे डोक्यात बसले आहे. इथे ऋणी म्हणजे देणेकरी, सावकाराच्या भाषेत कूळ. ‘आपले ऋणी’ म्हणजे ज्यांच्याकडे आपले येणे आहे ते. अर्थ उघड आहे: ज्यांनी आमचे वाईट केले त्यांच्या नावावरचे येणे आम्ही सोडले, तसे तू आमच्या नावावरचे सोड.

पापाला ऋण का म्हटले? देवऋण, ऋषिऋण, पितृऋण यांवरून मिशनऱ्यांनी हिंदू वाचकासाठी हा शब्द उचलला, असे ठासून सांगणारे भेटतात. साफ चूक. ती तीन ऋणे जन्माबरोबर येतात, गुन्ह्यामुळे नव्हे. आणि ती यज्ञाने, अध्ययनाने, संततीने फेडायची असतात, कोणी सोडून देत नाही. बायबलातल्या मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या ग्रीक पाठातच (6:12) ‘ओफेइलेमाता’ हा शब्द आहे, त्याचा अर्थ देणी. त्यामागे येशूची बोली अरामी, आणि तिच्यात ‘होबा’ म्हणजे कर्जही आणि पापही. लूकने आपल्या शुभवर्तमानात (11:4) पहिल्या भागात सरळ ‘पापे’ लिहिले, पण दुसऱ्या भागात ‘आमचे देणे लागणारा प्रत्येक जण’ तसाच ठेवला. पाप आणि ऋण यांचा सांधा दिसतो तो तिथे. इंग्रजी शाळेतली मुले या जागी ‘ट्रेसपासेस’ म्हणतात, ते विल्यम टिंडलच्या सोळाव्या शतकातल्या इंग्रजी बायबल-भाषांतरातून आले. दुसऱ्याच्या कुंपणात घुसल्याचे ते चित्र या ओळीत नाही. मराठी पाठ इथे जास्त इमानदार आहे.

हिशेब किती खरा आहे ते मत्तय 18 मधल्या येशूच्या दाखल्यात पाहावे. राजाने चाकराला सोडलेले कर्ज 10,000 तालांत. एक तालांत म्हणजे सुमारे 6,000 दिनार, आणि एक दिनार ही मजुराची दिवसाची मजुरी. म्हणजे 6 कोटी दिवस. आठवड्याची एक सुटी धरली तर जवळजवळ 1 लाख 90 हजार वर्षे राबायचे. त्याच चाकराने सोबत्याचा गळा धरला तो 100 दिनारांसाठी. प्रमाण सहा लाखांस एक. ‘जसे आम्ही सोडले’ या शब्दांचा काच इथे कळतो.

म्हणूनच ‘मला गिल्ट आलाय’ ऐकले की चिडायला होते. सर्दी झाल्यासारखा गिल्ट येतो आणि चार दिवसांनी बरे वाटते! ख्रिस्ती विचारात दोष ही आधी खात्यावरची नोंद आहे, मनाची टोचणी नंतरची. टोचणी थांबली म्हणून नोंद जात नाही. उलट नोंद गेल्यावरही टोचणी राहू शकते. कॅथलिक कबुलीत, म्हणजे धर्मगुरूपुढे आपली पापे सांगण्यात, हाच घोळ होतो. धर्मगुरू प्रायश्चित्त नेमून देतो, मग पापमुक्तीचे शब्द उच्चारतो, आणि नेमलेले प्रायश्चित्त माणूस नंतर करतो. लोक त्यालाच कर्जाचा हप्ता समजतात. चोरलेले मात्र धन्याला परत करावेच लागते. कबुली दिली म्हणून शेजाऱ्याचे पैसे बुडवता येत नाहीत.

आता माफी. ‘माफ’ फारसीतून आला म्हणून नाक मुरडणाऱ्यांनी शब्दाच्या पोटात शिरावे. क्षम् म्हणजे सोसणे. क्षमा म्हणजे पृथ्वीही, सगळ्यांचे पाय सोसणारी. यात खाते मिटत नाही, सावकार फक्त गप्प बसतो. ‘सोडणे’ हे ग्रीक ‘आफिएमी’चे चोख मराठी: हातातून जाऊ देणे. आणि ‘माफ’च्या मुळाशी असलेल्या अरबी धातूचा एक अर्थ आहे माग पुसला जाणे. बायबलातल्या कलस्सैकरांस पत्रात (2:14) आपल्याविरुद्धचा हस्तलिखित कर्जरोखा ‘पुसून टाकला’ असे आहे, आणि क्रियापद शब्दशः पुसण्याचेच. त्या काळची शाई काजळी आणि डिंकाची. ओल्या स्पंजाने पपायरसवरून निघायची. कर्ज फिटल्यावर खतावर फुली मारण्याचीही रीत होती, पण फुलीखाली अक्षरे वाचता येतात. पुसलेल्या खतावर वाचायला काही उरत नाही. माझ्या मते त्या ओळीला ‘माफ’ इतका नेमका शब्द मराठीत दुसरा नाही. शुद्धीवाले रागावोत.

आणि ऋण-पाप ही जोडी आपल्याला परकी म्हणणाऱ्यांसाठी ऋग्वेद 2.28.9. वरुणाला विनवणी आहे: ‘पर ऋणा सावीरध मत्कृतानि माहं राजन्नन्यकृतेन भोजम्’. मी केलेली ऋणे दूर लोट, आणि राजा, दुसऱ्याने केलेले मला भोगायला लावू नकोस. पहिला अर्धा भाग थेट प्रभूच्या प्रार्थनेत शोभेल. दुसरा नेमका उलटा, कारण ख्रिस्ती श्रद्धेचा सगळा भार ‘दुसऱ्याने केलेले’ एकाने भोगले यावरच आहे. मराठी बायबलात योहानाच्या पहिल्या पत्रात (2:2) येशू प्रायश्चित्त ‘करतो’ असे नाही, तोच प्रायश्चित्त ‘आहे’ असे आहे. हिंदू धर्मशास्त्रात ज्याचे पाप त्याचे प्रायश्चित्त. इथे कर्ताच बदलला.

हो, उच्चाराचे राहिले. धनी-धन्यांस तसे ऋणी-ऋण्यांस. घाईत ‘ऋणांस’ म्हणू नका, नाहीतर माणसांऐवजी कर्जालाच कर्ज सोडाल. अनुस्वारही गाळू नका. ‘ऋण्यास’ म्हटले की एकच कूळ सुटते, बाकीची वहीत राहतात.