काडतुसं घरी भरून पैसे वाचतात का हो?

प्रश्न: काका नमस्कार, मी डॅलसजवळ असतो, आयटीत आहे, गेली दोन-अडीच वर्षं दर शनिवारी रेंजवर जातो. ९ एमएमचं एक पिस्तूल आहे आणि मागच्या वर्षी एक जुनी ली-एनफिल्ड रायफल घेतली, आजोबा पोलिसात होते, त्यांच्याकडे थ्री नॉट थ्री असायची म्हणून हौस. रेंजवरचे सगळे म्हातारे सांगतात की काडतुसं घरी भर, अर्ध्या किमतीत पडतात. बायको म्हणते गॅरेजमध्ये ट्रेडमिल धूळ खातंय तेवढं पुरे. खरंच वाचतात का पैसे अजून?

उत्तर: ट्रेडमिलचा मुद्दा तिने बरोबर काढलाय, त्याच्याकडे परत येऊ.

म्हातारे खोटं बोलत नाहीयेत रे, त्यांच्या डोक्यातले भाव जुने आहेत एवढंच. काडतूस म्हणजे चार वस्तू. पितळेची पुंगळी, तिच्या बुडाशी प्रायमर (दिवाळीतली टिकलीच समज, फक्त जास्त चिडकी), आत पावडर आणि तोंडाशी गोळी. बार झाल्यावर पुंगळी तेवढी परत मिळते, बाकीचं तिन्ही दर वेळी नवीन लागतं. २०१९ पर्यंत हजार प्रायमर तीसेक डॉलरला यायचे, पावडरचा एक पौंडाचा डबा पंचवीस-तीसला. मग २०२० उजाडलं, कोविड, दंगली, निवडणूक सगळं एकदम, लाखो लोकांनी आयुष्यात पहिल्यांदा बंदूक घेतली, त्यात बंदुका-काडतुसं बनवणारी रेमिंग्टन कंपनी त्याच वर्षी दिवाळखोरीत गेली, आणि प्रायमर दुकानांतून जे गायब झाले ते दिसेचनात, २०२१ मध्ये हजाराला शंभर डॉलर मोजूनही लोक रांगा लावत होते. नंतर उतरले भाव, पण जुन्या ठिकाणी आलेच नाहीत. पावडरचं तर अजून वेगळं, ती बनते नायट्रोसेल्युलोजपासून, आणि युक्रेनचं युद्ध पेटल्यावर तोफगोळ्यांसाठी तेच सगळीकडून ओढलं जायला लागलं. मग डबा चाळीस-पन्नासच्या खाली कशाला येईल.

आता तुझ्या ९ एमएमचं बघू, मला इकडे हल्ली जे भाव दिसतात त्यावरून. प्रायमर आठ सेंट, गोळी दहा-अकरा, पावडर तीनेक सेंट कारण एका पौंडात हजार-चौदाशे काडतुसं निघतात, पुंगळ्या रेंजवर वेचलेल्या म्हणून फुकट. झाले बावीस सेंट. दुकानात हजाराची पेटी घेतलीस तर तयार काडतूस तेवीस ते पंचवीस सेंटला मिळतं! म्हणजे हजारामागे वाचले जास्तीत जास्त तीस डॉलर. साध्या सिंगल-स्टेज प्रेसवर (काडतूस भरायचं हाताचं यंत्र), दर वेळी हँडल एकच काम करतं त्याच्यावर, तासाला पन्नास-साठ होतात, सवय झाली की थोडी जास्त. पंधरा-वीस तास राबून तीस डॉलर. आणि हे ऑनलाइन मागवलंस तर प्रायमर आणि पावडर धोकादायक माल म्हणून वरून वीस-तीस डॉलरची हॅझमॅट फी लागते, हजारच प्रायमर मागवले तर सगळी बचत तिथेच खलास. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला.

लोक मग म्हणतात एकदम जास्त मागवू, फी वाटली जाईल. बरोबर आहे, पण घरात साठवायला मर्यादा असते, राष्ट्रीय अग्निसुरक्षा नियमावलीत साधारण वीस पौंड पावडर आणि दहा हजार प्रायमर, तुझ्या गावाचा नियम त्याहून कडक असू शकतो. घराच्या विम्याचे कागद पण एकदा वाच. आणि टेक्सासमधलं गॅरेज उन्हाळ्यात भट्टी होतं, तिथे पावडर ठेवायची नाही, घरात कोरड्या थंड जागी, ज्या डब्यात आली त्याच डब्यात.

थ्री नॉट थ्रीची गोष्ट मात्र एकदम उलटी आहे. तिचं तयार काडतूस दीड-दोन डॉलरला, आणि तेही दुकानात असेल तेव्हा. घरी भरलंस तर गोळी चाळीस-पन्नास सेंट, पावडर पंचवीस, प्रायमर आठ, आणि इथे पुंगळी फुकट धरायची नाही कारण रेंजवर ही कोणी टाकून जात नाही. नवी पुंगळी डॉलरच्या पुढे, ती पाच वेळा वापरली तर दर वेळचे वीस-पंचवीस सेंट. सगळं मिळून डॉलरच्या आसपास. म्हणजे एका बारामागे अर्धा डॉलर तरी वाचला, वर्षाला चारशे उडवलीस तर दोनशे डॉलर. सिंगल-स्टेज प्रेस, डाय (पुंगळी दाबून मापात आणायचा साचा), काटा, कॅलिपर, पुस्तक धरून साडेतीनशे-चारशे लागतात, ते दोन वर्षांत फिटतात.

पाच वेळा मी उगाच नाही म्हटलं. लढाईत चिखलमातीतही काडतूस आत बसावं म्हणून एनफिल्डचं चेंबर (नळीत काडतूस बसायची जागा) सैल ठेवलेलं असतं, बार झाला की पुंगळी बुडाजवळ ताणली जाते, तू दर वेळी अख्खी पुंगळी दाबून मूळ मापाला आणत बसलास तर तीन-चार बारांत तिथे चकचकीत रेघ दिसायला लागते आणि पुढच्या बाराला ती तिथेच तुटते. जुने लोक म्हणून फक्त मान दाबतात, पुंगळी त्याच रायफलच्या चेंबरला बसलेली राहते आणि जास्त टिकते, पण मग ती दुसऱ्याच्या रायफलला चालेलच असं नाही. आणि हो, गोळीचं माप बघून घे, नाव तीनशे तीन असलं तरी तिला नेहमीच्या तीनशे आठच्या गोळ्या चालत नाहीत, थोडी जाड लागते. लष्करातली जुनी स्वस्त काडतुसं मिळाली तर नुसती उडव, त्यांचं प्रायमर बहुतेक बर्डन जातीचं असतं, पुंगळीला मधोमध भोक नसतं त्यामुळे आपल्या डायने ते निघत नाही. वर ते गंज आणणारं असतं, घरी आल्या आल्या नळी गरम पाण्याने धुवायची.

किती पावडर हे मी इथे सांगणार नाही, तू पण कुठल्या व्हिडिओवरून घेऊ नकोस, पावडर आणि गोळी बनवणाऱ्यांची छापील पुस्तकं असतात त्यातलंच माप घ्यायचं. माझं स्वतःचं सांगतो. भरता भरता मध्ये फोन आला, परत येऊन बसलो आणि एका काडतुसात पावडर घालायचीच राहिली. रेंजवर नुसतं फुस्स झालं, गोळी नळीत अडकली, मी आपला पुढचा खटका ओढायच्या बेतात आणि शेजारच्या माणसाने हात धरला. त्याने धरला नसता तर ही पानं दुसरं कोणीतरी लिहीत असतं. तेव्हापासून फोन घरात आणि मी गॅरेजमध्ये.

तर ९ एमएम सरळ पेटीने विकत घे, थ्री नॉट थ्रीच्या पुंगळ्या आजपासून जपून ठेव (प्रायमर बर्डन नसेल त्या), आणि प्रेस घ्यायच्या आधी त्याच म्हाताऱ्यांपैकी एकाकडे चार शनिवार बसून शंभर-दोनशे भरून बघ. कंटाळा आला तर तुझं ट्रेडमिल एकटंच राहील. कंटाळा नाही आला तर बायकोला आत्ताच सांगून ठेव की वाचलेले पैसे हातात काही येत नाहीत, स्वस्त पडतंय म्हणून माणूस दुप्पट उडवतो, माझं अगदी तेच झालं.

प्रश्न: ओहायोत ट्रॅप शूटिंग करतो (हवेत उडणाऱ्या चकत्यांवर छर्ऱ्याच्या बंदुकीने), १२ गेज. भरायला घेऊ का?

उत्तर: नको. शिशाचे छर्रे महाग झालेत, पंचवीस पौंडाच्या पिशवीत एक औंसाचे चारशेच बार निघतात, सगळा हिशोब केला की पंचवीसचा बॉक्स नऊ डॉलरच्या आसपास, दुकानातही तेवढ्यालाच. २८ गेज किंवा ४१० असती तर लगेच हो म्हटलं असतं, त्यांना शिसं आणि पावडर दोन्ही कमी लागतं पण दुकानवाले भाव मात्र जास्त लावतात.

प्रश्न: नमस्कार, मी कोल्हापूरहून लिहितेय. मुलगी पॉइंट टू टू रायफलने ५० मीटर खेळते. सरावाच्या काडतुसांचाच खर्च इतका होतो की विचारू नका. अमेरिकेतले मामा म्हणाले तिकडे लोक घरी भरतात. आपल्याकडे जमेल का?

उत्तर: नाही हो ताई, दोन कारणांनी नाही. एक म्हणजे पॉइंट टू टू हे रिमफायर, त्याला वेगळं प्रायमर नसतंच, पेट घेणारा मसाला पुंगळीच्या काठात आतून भरलेला असतो आणि पिन काठावर आपटते, काठ एकदा चेपला की संपलं, अमेरिकेतही ते कोणी भरत बसत नाही. मामा सेंटरफायरबद्दल, म्हणजे बुडाशी मधोमध वेगळं प्रायमर असलेल्या काडतुसांबद्दल बोलत असणार. दुसरं म्हणजे १९५९ चा शस्त्र कायदा, परवान्याशिवाय काडतुसं तयार करणं आपल्याकडे गुन्हा आहे, शिक्षा मोठी आहे, आणि मुलीचं करिअर त्यात जाईल. इकडची हौस तिकडे चालत नाही.

तुमचं गाव तर या खेळाचं माहेरघर, तेजस्विनी सावंत २०१० मध्ये म्युनिकला ५० मीटर प्रोनची (झोपून नेम धरायचा प्रकार) जगज्जेती झाली आणि स्वप्नील कुसाळेने २०२४ मध्ये पॅरिसला ५० मीटर थ्री पोझिशनमध्ये ब्राँझ आणलं, दोघंही याच पॉइंट टू टूवर. या खेळात पैसे वाचवायची जागा वेगळी आहे. एका कंपनीचं काडतूस सगळीकडे सारखं दिसलं तरी प्रत्येक लॉट (एका खेपेत बनलेला माल) एकेका नळीला वेगळा बसतो, म्हणून चार-पाच लॉटचे थोडे थोडे मारून बघायचे, जो चांगला जुळेल तो फक्त स्पर्धेसाठी राखून ठेवायचा आणि रोजच्या सरावाला स्वस्तातलं वापरायचं. रायफल असोसिएशनमार्फत मुलीला किती कोटा मिळू शकतो ते प्रशिक्षकांना विचारा. आणि घरी संध्याकाळी अर्धा तास रिकाम्या रायफलने, काडतूस आत नाही हे दोनदा बघून, नुसता नेम धरून खटका ओढायचा सराव, आधी रायफलवाल्याला विचारून, कारण रिमफायरची पिन रिकाम्या चेंबरवर आपटली तर खराब होऊ शकते. त्याला एक पैसा लागत नाही.