नाशिकमध्ये उड्या मारणारे कोळी कुठे दिसतील आणि त्यांचे जवळून फोटो कसे काढायचे?

तुम्ही दोन गोष्टी विचारल्या आहेत: हे कोळी बघायला अंजनेरीपर्यंत जावं लागेल का, आणि डोळे स्पष्ट दिसतील असा फोटो साध्या कॅमेऱ्याने निघेल का. अंजनेरीला जरूर जा, पण पहिला महिनाभर घरातच शोधा. मी गंगापूर रोडला राहते आणि माझे निम्म्याहून जास्त चांगले फोटो आमच्या गच्चीच्या कठड्यावर नाहीतर जास्वंदीच्या कुंडीत काढलेले आहेत.

सकाळचं ऊन भिंतीवर आलं की करड्या रंगाचा, चपटा कोळी माशीमागे मांजरासारखा दबकत जाताना दिसतो, तो बहुतेक वेळा मेनेमेरस बायव्हिटॅटस. ट्यूबलाइटच्या आसपास काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांचा दिसला तर प्लेक्सिपस पायकुलीचा नर. शिकारीसाठी हे जाळं विणत नाहीत, नजरेने शिकार हेरतात. उडी मारण्याआधी पोटाचं टोक क्षणभर भिंतीला टेकवतात, तेव्हा धागा चिकटवलेला असतो. नेम चुकला तर त्याच धाग्यावर लटकून परत वर येतात. हे टेकवणं ओळखायला शिका, म्हणजे उडी कधी येणार ते तुम्हाला आधी कळेल.

आता डोळ्यांविषयी जरा सविस्तर सांगते, कारण फोटोचं सगळं गणित तिथेच आहे. आठ डोळ्यांपैकी समोरचे दोन सर्वांत मोठे. त्यांची भिंगं डोक्यात पक्की बसवलेली असतात, ती हलत नाहीत. हलतो तो आतला, प्रतिमा टिपणारा पडदा (रेटिना), एका लांब नळीच्या टोकाला. फिकट रंगाच्या कोळ्यात हे बाहेरूनही दिसतं. माझी आवडती टेलामोनिया डिमिडिएटाची मादी, पिवळसर अंगावर दोन लाल पट्टे असलेली, पानावर बसली की तिच्या डोळ्यांत एक गडद सावली इकडून तिकडे सरकत असते. ती दुसरीकडे बघत असेल तर डोळा तपकिरी, फिकट दिसतो. तुमच्याकडे बघू लागली की दोन्ही डोळे काळेभोर होतात. मी बटण दाबते ते त्याच क्षणी.

अंतराचा अंदाजही ते याच डोळ्यांनी घेतात. आतल्या पडद्याला चार थर असतात. एका थरावर प्रतिमा स्पष्ट पडते, शेजारच्या थरावर धूसर, आणि त्या धूसरपणावरून भक्ष्य किती लांब आहे ते कळतं. जपानी संशोधकांनी २०१२ साली घरांत आढळणाऱ्या हॅसेरियस ॲडॅन्सोनी या कोळ्यावर हे दाखवून दिलं. फक्त लाल उजेडात ठेवल्यावर त्याच्या उड्या भक्ष्याच्या अलीकडेच पडायच्या.

आपली अडचणही फोकसचीच. एकास एक मोठेपणावर, म्हणजे कोळी सेन्सरवर खऱ्या आकाराएवढा उमटतो तेव्हा, लेन्सचं छिद्र एफ ११ इतकं लहान ठेवलं तरी जेमतेम एक मिलिमीटर भाग स्पष्ट येतो. म्हणून ऑटोफोकस बंद करा, डाव्या हाताने पानाचा देठ धरा, लेन्स त्याच हातावर टेकवा आणि सगळं अंगच केसभर मागेपुढे करत समोरच्या दोन डोळ्यांवर या. अंगावर सावली पाडू नका. कोळी पानाखाली गेला तर पान उलटवू नका, थांबा. दोन-तीन मिनिटांत तो बहुधा कडेवर येतो आणि वळून स्वतःच तुमच्याकडे बघतो. असा समोरासमोरचा फोटो पाठलाग करून मला कधीच मिळालेला नाही.

‘कोळी फ्रिजमध्ये ठेवला की शांत बसतो’ असं तुम्हाला कोणीतरी सांगेलच. कृपा करून करू नका. मी सुरुवातीला एकदा केलं. डबी बाहेर काढली तेव्हा त्याचे सगळे पाय आत आक्रसलेले होते. कोळ्याचे पाय लांब होतात ते आतल्या द्रवाच्या दाबाने, उडीचं बळही त्याच दाबाचं. जीव गेला की दाब जातो आणि पाय मिटतात. तो फोटो मी ठेवला नाही, पण ते पाय अजून डोळ्यांसमोर आहेत.

उजेडासाठी फ्लॅश लागेलच, पण उघडा नको. उघड्या फ्लॅशचा डोळ्यात नुसता पांढरा ठिपका उमटतो. बटर पेपरचे दोन थर फ्लॅशवरून वाकवून लेन्सच्या पुढच्या टोकापर्यंत आणले की तीच चमक मऊ होते. १/२०० सेकंद, आयएसओ २००, एफ ११ इथून सुरुवात करा. मॅक्रो लेन्स लगेच घेऊ नका. कॅमेऱ्यासोबत आलेली किट लेन्स उलटी बसवायची रिव्हर्स रिंग काही शे रुपयांत मिळते. मोबाइल असेल तर क्लिपवाली मॅक्रो लेन्स लावून सकाळच्या कोवळ्या उन्हात काढा.

बाहेर जायचंच तर पावसाळा सरल्यावर पांडवलेणीच्या पायथ्याचं वनोद्यान चांगलं. पायवाट न सोडता कडेच्या झुडपांची पानं डोळ्यांच्या उंचीवर बघत चला. मुंग्या दिसल्या तर नीट बघा, पुढचे दोन पाय मिशांसारखे हलवणारी एखादी ‘मुंगी’ खरं तर कोळी असते. द्राक्षबागेत शिरण्याऐवजी बांधावरचं गवत आणि कुंपण तपासा, फवारणीमुळे आत फारसं काही उरत नाही. आणि शहरात काय मिळणार असं मनात येत असेल तर एवढंच सांगते: शहीद तुकाराम ओंबळे यांच्या नावाने २०२१ साली नोंदवलेली आयसियस तुकारामी ही नवी जात ठाणे-कल्याण परिसरातली आहे.

दुमडलेल्या पानाच्या आत पांढरी रेशमी पिशवी दिसली तर ते उघडू नका, आत मादी अंडी राखत बसलेली असू शकते. आमच्या कढीपत्त्यावर सध्या असं एक पान आहे. त्याच्या फटीतून रोज सकाळी दोन काळे डोळे दिसतात. त्या फांदीची पानं आम्ही सध्या फोडणीसाठी तोडत नाही.