कुत्र्यांना घेऊन कॅम्परने कोकणात

फणसाड असो की चांदोली, जंगलात कुत्री नेता येत नाहीत, हे धरूनच बेत आख. डिस्टेंपरसारखे रोग आपल्या कुत्र्यांकडून कोल्ह्यांना आणि कोळसुंद्यांना (रानकुत्र्यांना) लागतात. मुक्काम बाहेरच्या वाडीत, विचारून कर. रात्री मात्र कुत्र्यांना कॅम्पर ट्रेलरमध्येच झोपव; अंगणात बांधलेलं कुत्रं बिबट्या सहज उचलतो, यात हयगय नको.

वेळासला कासवांच्या हंगामात किनाऱ्यावर नेऊच नकोस, कुत्री अंडी उकरतात.

रोज संध्याकाळी गोचीड शोध: कानांच्या घडीत, बोटांच्या बेचक्यात, पट्ट्याखाली. लेप्टोची (लेप्टोस्पायरोसिस, उंदरांच्या मुतातून पसरणारा रोग) लस निघण्याआधीच पूर्ण कर. दाभोळ-धोपावे फेरीबोटीवर गाड्या जातात, पण ट्रेलरची लांबी आधी सांग. आणि भर दुपारी कुत्र्यांना वाळूवर चालवू नकोस रे, पंजे भाजतात.