सांगलीत राहून बायोटेक कंपनीत काम करणं कसं असतं? पेशींच्या नव्या विज्ञानाचा तिथे काही संबंध येतो का?

तुम्ही लिहिलंय की बी.एस्सी. बायोटेकच्या शेवटच्या वर्षाला आहात, घर सांगलीत आहे आणि घरचे म्हणतात, या विषयात पुण्या-मुंबईशिवाय काही नाही. कंपनीतला दिवस नेमका कसा जातो आणि पेशींबद्दल सध्या जे नवीन कळतंय ते इथे कुठे उपयोगी पडतं का, हे तुम्हाला हवंय.

मी १४ वर्षं टिश्यू कल्चरमध्ये आहे, म्हणजे झाडाचा लहानसा तुकडा बाटलीत वाढवून त्याची रोपं करण्याच्या कामात. आधी दुसऱ्या एका कंपनीत होते, आता कुपवाड एमआयडीसीतल्या एका लहान कंपनीत उत्पादन बघते. ऊस, केळी आणि थोडी हळद. लस किंवा औषधांच्या कंपनीत मी काम केलेलं नाही, त्यामुळे दिवस कसा जातो ते माझ्याच कामावरून सांगते.

सकाळी आल्यावर पहिला तास फक्त बघण्यात जातो. वाढीच्या खोलीत २५ अंश तापमान, १६ तास उजेड आणि मांडण्यांवर हजारो काचेच्या बाटल्या. एकेक बाटली उचलायची, उजेडासमोर धरायची, खालून बघायची. बुरशी लागली असेल तर कापसासारखी लगेच दिसते. जिवाणू मात्र लबाड. रोप हिरवंगार असतं आणि बुडाशी जेलीत फक्त किंचित धुरकटपणा असतो. आमच्याकडे एक बाई आहेत, बुधगावहून येतात, शाळा सातवीपर्यंत झालेली. एकदा मी पास केलेली बाटली त्यांनी परत माझ्या हातात दिली. "ताई, हिचं बूड बघा की. दुधाळ दिसाय लागलंय." मला तेव्हाही दिसलं नाही. चार दिवस बाजूला ठेवली आणि पाचव्या दिवशी ती दुधाळ झालेली मलाही दिसली. ती तशीच पुढे गेली असती तर एका बाटलीच्या दहा आणि दहाच्या शंभर झाल्या असत्या. त्यांच्याकडून बाटली बघायला शिकण्यात माझं अख्खं पहिलं वर्ष गेलं आणि आजही नव्या मुलींना मी आधी त्यांच्याशेजारीच बसवते.

हूड म्हणजे गाळलेल्या, जंतू नसलेल्या हवेचं कामाचं टेबल. त्यावर बसणाऱ्या बहुतेक आसपासच्या गावांतल्या बायका आहेत. बांगड्या काढून, हात कोपरापर्यंत धुऊन, मंगळसूत्र अ‍ॅप्रनच्या आत घेऊन बसायचं. नवीन लग्न झालेल्या मुलीला हिरवा चुडा उतरवणं जड जातं. मी घाई करत नाही, पहिले काही दिवस तिला मीडियाच्या खोलीत काम देते. हूडसमोर एका बैठकीत तीन-तीन तास जातात: चिमटा, ब्लेड, ज्योत, बाटली, झाकण. पाठ आणि मान दुखते, हे आधीच माहीत असू द्या.

मीडिया म्हणजे रोपाचं जेवण. क्षार, जीवनसत्त्वं, लिटरला ३० ग्रॅम साखर, घट्ट करायला अगर, सामू ५.८, मग ऑटोक्लेव्हमध्ये १२१ अंशांवर वाफ. मूळ कृती मुराशिगे आणि स्कूग यांनी १९६२ मध्ये तंबाखूच्या पेशींसाठी बसवलेली आहे, जगभर ती अजून 'एमएस' याच नावाने चालते. पण खरी गोष्ट त्यात पडणाऱ्या दोन संप्रेरकांची. १९५७ मध्ये स्कूग आणि मिलर यांनी दाखवलं की सायटोकायनिन जास्त आणि ऑक्सिन कमी असेल तर त्याच पेशींना कोंब फुटतात, उलटं केलं तर मुळं. कॉलेजात हे दोन ओळींत संपतं. इथे तुम्ही वजनकाट्यावर मिलिग्रॅम मोजता आणि तीन आठवड्यांनी एका कोंबाचे पाच-सहा झालेले दिसतात. मला अजून त्याचं अप्रूप वाटतं.

उसाचं काम जरा जवळून सांगते, कारण इथल्या माणसाला ते लगेच कळतं. वाढं म्हणून आपण जनावरांपुढे टाकतो ना, त्याच शेंड्याच्या आत शिरायचं. पानांची एकेक पुंगळी सोलत जायची, बाहेरची हिरवी, मग पोपटी, मग पांढरी. शेवटी सूक्ष्मदर्शकाखाली पाणीदार, चकचकीत घुमटासारखा एक ठिपका उरतो. त्याचा अर्ध्या मिलिमीटरपेक्षाही लहान तुकडा कापून बाटलीत ठेवायचा. एवढा लहान का? कारण अन्नरसाच्या नळ्या त्या टोकापर्यंत पोहोचलेल्या नसतात, म्हणून मोझॅकचा विषाणू किंवा गवताळ वाढीचा रोगजंतू तिथे क्वचितच सापडतो. आजारी बेटातल्या उसातूनही निरोगी रोप मिळण्याची शक्यता यामुळे तयार होते. कापल्यावर ऊस काळपट रस सोडतो आणि त्यात तो तुकडाच गुदमरतो, म्हणून सुरुवातीला त्याला वरचेवर नव्या मीडियात हलवावं लागतं. पुढे त्याची रोपं, रोपांचं मूलभूत बेणं, मग पायाभूत, मग प्रमाणित. को ८६०३२ किंवा फलटण तालुक्यातल्या पाडेगावच्या ऊस संशोधन केंद्राने दिलेली फुले २६५ शेतकऱ्याला माहीत असते. तीच जात जुन्या बेण्याने थकलेली आणि ताज्या बेण्याने लावलेली शेजारी-शेजारी बघितली की त्याला वेगळं समजावून सांगावं लागत नाही.

आता चुकीची गोष्ट. मी आधी होते त्या कंपनीत एका वर्षी केळीच्या रोपांना मागणी भरमसाट आली. एका मूळ कंदापासून किती वेळा कापून वाढवायचं याला मर्यादा असते. साधारण आठ फेऱ्या झाल्या की ती ओळ, म्हणजे त्या कंदाची सगळी पिलावळ, बंद करून नवा कंद घ्यायचा, असा आमचा नियम होता. त्या वर्षी फेऱ्या वाढवल्या गेल्या. बाटल्यांवरचे फेरीचे आकडे मीच लिहीत होते, मला दिसत होतं, आणि मी एकदा बोलून गप्प बसले. सात महिन्यांनी वाळवा तालुक्यातल्या एका शेतकऱ्याचा फोन आला. मी जाऊन बघितलं. ओळीत मधेमधे बुटकी झाडं, पानं आखूड आणि एकमेकांना चिकटून आल्यासारखी. ते काका चिडलेही नव्हते. "ताई, झाडाची तब्येत चांगली हाय. पण उंचीच धरंना." कंपनीने रोपं बदलून दिली, पण त्यांचा हंगाम गेला तो गेलाच. ही बुटकी रोपं नर्सरीतच ओळखता येतात: पान लांबीला कमी, रुंदीला जास्त, देठ आखूड. त्या गडबडीत ते कोणी बघितलं नाही. तेव्हापासून फेरीचा आकडा ओलांडलेली एकही बाटली माझ्या सहीने बाहेर गेलेली नाही.

तुमच्या प्रश्नाचा दुसरा भाग माझ्यासाठी इथूनच सुरू होतो. सगळी रोपं एकाच कंदाची, म्हणजे जनुकं तीच, मग काही बुटकी का? डीएनएमध्ये बदल होतो हे एक कारण आहेच. पण २०१५ मध्ये मलेशियातल्या संशोधकांनी तेलताडाबद्दल जे दाखवलं ते वाचून मी रात्रभर विचार करत होते. टिश्यू कल्चरच्या तेलताडाची काही झाडं मोठी झाल्यावर बिघडलेली फळं देत आणि कारण सापडत नव्हतं. निघालं असं की डीएनएची अक्षरं जशीच्या तशी होती, पण 'कर्मा' नावाच्या एका तुकड्यावरच्या मिथाइलच्या रासायनिक खुणा पुसल्या गेल्या होत्या. पेशी या खुणांवरून लक्षात ठेवते की कुठलं पान उघडायचं आणि कुठलं मिटलेलं ठेवायचं. आपण तिला बाटलीत परत-परत बालपणात नेतो तेव्हा तिची आठवणही कधीकधी पुसट होते. वाळव्याच्या त्या केळीत हेच घडलं असं मी म्हणणार नाही, ते तपासलं गेलं नाही. पण आकडा का पाळायचा हे मला त्या लेखाने नीट समजावलं.

पेशीला मागे नेणं, हाच गेल्या काही दशकांतला मोठा विषय आहे. ज्या १९६२ मध्ये एमएस मीडिया आला त्याच वर्षी जॉन गर्डन यांनी बेडकाच्या आतड्याच्या पेशीतलं केंद्रक अंड्यात घालून टॅडपोल वाढवल्याचं दाखवलं. २००६ मध्ये शिन्या यामानाका यांनी फक्त चार जनुकांनी उंदराच्या साध्या पेशीला मूलपेशीसारखं, म्हणजे पुढे कुठलीही पेशी होऊ शकेल असं केलं. दोघांना २०१२ चं नोबेल मिळालं. वनस्पतीची पेशी यात प्राण्यांपेक्षा उदार आहे, पण सगळ्या जाती सारख्या नाहीत, काही हट्टी असतात. अशा हट्टी जातींसाठी २०१६ मध्ये 'बेबी बूम' आणि 'वुशेल' ही दोन जनुकं वापरून मका, ज्वारी, भात आणि ऊस यांच्यात नवं रोप उभं करणं सोपं झाल्याचं प्रसिद्ध झालं. ऊस हा शब्द त्या यादीत बघून मला झालेला आनंद तुम्ही सांगलीकर म्हणून समजू शकाल.

आणि आपल्या देशातलं ताजं. मे २०२५ मध्ये केंद्राने जनुक-संपादित भाताच्या दोन जाती जाहीर केल्या. त्यातली 'कमला' हैदराबादच्या भात संशोधन संस्थेत सांबा महसुरीपासून झाली. क्रिस्पर या जनुक-संपादनाच्या तंत्राने त्यात एकच जागा बदलली: सायटोकायनिन मोडून टाकणाऱ्या एन्झाइमचं जनुक. एन्झाइम कमी, म्हणून लोंबीत सायटोकायनिन जास्त, म्हणून दाणे जास्त. आम्ही बाटलीत मोजून टाकतो तेच संप्रेरक! मार्च २०२२ मध्येच सरकारने, बाहेरचं जनुक नसलेल्या अशा पिकांना जीएम पिकांच्या कडक नियमांतून सूट दिली होती. याबद्दल वाद आहेत, बियाण्याची मालकी कोणाकडे राहणार हा प्रश्न मलाही महत्त्वाचा वाटतो. पण कामाच्या दृष्टीने एक लक्षात घ्या: संपादन होतं ते एकेका पेशीत, आणि त्या पेशीचं पुढे रोप करायला लागतो तो हूड, तो मीडिया आणि बुधगावच्या त्या बाईंसारखी नजर.

माणसांच्या उपचारातही हाच शिस्तीचा धागा आहे. आयआयटी मुंबई आणि टाटा मेमोरियलमध्ये घडलेल्या, ऑक्टोबर २०२३ मध्ये परवानगी मिळालेल्या नेक्सकार १९ या कर्करोगाच्या उपचारात रुग्णाच्याच टी-पेशी, म्हणजे रोगाशी लढणाऱ्या रक्तातल्या पेशी, बाहेर काढून, बदलून, वाढवून परत देतात. तिथे पिशवी दूषित झाली तर एका माणसाचा वेळ जातो, जो त्याच्याकडे नसतो. इथे स्वच्छ हात आणि खरी नोंद शिकलेली मुलगी तिथे जाऊन उभी राहू शकते. माझ्या हाताखालच्या दोघी अशा गेल्या.

घरच्यांना खरं तेच सांगा: इथे सुरुवातीचा पगार पुण्यापेक्षा कमी आहे, कंपन्या थोड्या आहेत. पावसाळ्यात कंटामिनेशन वाढतं आणि सगळ्यांची चिडचिड होते. २०१९ च्या महापुरात आयर्विन पुलाजवळ कृष्णा ५७ फुटांवर गेली तेव्हा कुपवाड कोरडं होतं, पण वीज नव्हती आणि निम्म्या बायका गावात अडकल्या होत्या. आम्ही सहाजणींनी जनरेटरवर फक्त मूळ ओळींच्या बाटल्या जगवल्या. बाकीच्या सोडून द्याव्या लागल्या.

मुलाखतीला कुठेही गेलात तर दोन गोष्टी विचारा. एका ओळीच्या किती फेऱ्या करता? आणि रोपांची विषाणू तपासणी कुठे होते, केंद्राच्या जैवतंत्रज्ञान विभागाचं टिश्यू कल्चर रोपांचं प्रमाणीकरण आहे का? उत्तर देताना समोरचा नोंदवही काढून दाखवत असेल तर तिथे रुजू व्हा. आणि पहिल्या दिवशी नखं कापून जा, हूडवर बसायला मिळेल.