वाचकांचे प्रश्न : किनाऱ्यावरचे दिवे आणि समुद्र

प्रश्न : आमच्या गावी पुळणीलगतच्या रस्त्यावर पांढरे एलईडी दिवे लागले आहेत. त्यामुळे कासवांची पिल्ले वाट चुकतात, असे ऐकतो. हे खरे आहे का? हा उजेड पाण्यातही परिणाम करतो का? पिवळे दिवे लावल्यास चालेल का?
– एक वाचक, गुहागर

उत्तर : पिल्ले वाट चुकतात, हे खरे आहे. ऑलिव्ह रिडले कासवांची पिल्ले बहुधा रात्री वाळूतून वर येतात आणि क्षितिजाजवळ जिकडे अधिक उजेड दिसेल तिकडे धावतात. नैसर्गिक काळोखात सुरूच्या बनापेक्षा समुद्राची बाजू उजळ असते. रस्त्यावर दिवे लागले की हे गणित उलटते. गुहागर, वेळास, आंजर्ले येथे कासवमित्र अंडी कुंपणातील हॅचरीत (अंडी सुरक्षित उबवण्याच्या जागेत) हलवून पिल्ले स्वतः समुद्रात सोडतात, म्हणून हे नुकसान सहसा नजरेस येत नाही. मात्र अंडी घालायला येणारी मादी उजळलेली पुळण टाळते, आणि त्यावर हॅचरीचा इलाज नाही.

पाण्यातील परिणामाकडे आपले लक्ष कमी जाते. सूक्ष्म प्राणिप्लवक, म्हणजे पाण्यात तरंगणारे बारीक जीव, दिवसा माशांच्या नजरेपासून दूर खोल राहतात आणि काळोख पडल्यावर खाद्यासाठी वर येतात. वर उजेड असेल तर ते खालीच थांबतात. आर्क्टिकमधील ध्रुवीय रात्रीत, म्हणजे सूर्य उगवतच नाही अशा हिवाळ्यातील काळात, जहाजाच्या नेहमीच्या दिव्यांचा परिणाम 200 मीटर खोलीपर्यंतच्या मासे आणि प्लवकांवर दिसल्याचे संशोधन 2020 मध्ये प्रसिद्ध झाले. आपल्या गढूळ पाण्याला तो आकडा जसाच्या तसा लावता येणार नाही, तरी पांढऱ्या एलईडीतील निळा अंश लाल-पिवळ्या प्रकाशापेक्षा सर्वसाधारणपणे खोल जातो, हे ध्यानात घ्यावे. चांदणेही उजेडच, असा आक्षेप काही जण घेतात. पण चांदणे तिथीप्रमाणे वाढते-घटते आणि अनेक प्रवाळांचे प्रजनन त्याच लयीवर चालते. विजेच्या खांबाला अमावास्या नसते. (मासे गोळा करण्यासाठी समुद्रात प्रखर एलईडी लावण्यावर केंद्राने 2017 मध्येच बंदी घातली आहे, तो विषय निराळा.)

पिवळे दिवे पांढऱ्यांपेक्षा निश्चित बरे, मात्र ते खरोखर अंबर (नारिंगीकडे झुकणाऱ्या पिवळ्या) रंगाचे हवेत; नुसत्या ‘वॉर्म व्हाइट’ (पिवळसर पांढऱ्या) दिव्यातही निळा अंश उरतो. शिवाय उघडा दिवा अंबर असला तरी पिल्लांना तो दिसतोच. त्यामुळे ग्रामपंचायतीकडे अर्ज करताना रंगाआधी समुद्राकडील बाजू झाकणारे आवरण आणि कमी उंचीचे खांब मागावेत, आणि पिल्ले बाहेर पडण्याच्या काळात, म्हणजे साधारण फेब्रुवारी ते मे, पुळणीकडचे दिवे रात्री बंद ठेवण्याची विनंती करावी.