मेरेवरचं पिवळ्या फुलांचं झुडूप: रानमोहरी की तिळवण?

वायंगण शेताच्या, म्हणजे उन्हाळी भातशेताच्या, मेरेवर (बांधावर) हातभर उंचीचं झाड, चार पिवळ्या पाकळ्या, बारीक शेंगा आणि पान चुरडलं की मोहरीचा वास. एवढ्यावरून ही रानमोहरी म्हणायची का, असं तुम्ही विचारलंय. नाही म्हणता येणार. ही सगळी लक्षणं पिवळ्या तिळवणीतही सापडतात, वाससुद्धा, कारण दोघींची कुळं सख्ख्या बहिणींसारखी आहेत. त्यामुळे वासावर मी कधीच भरवसा ठेवत नाही.

आधी खोड बोटांनी चोळा. चिकट लागलं आणि एका देठावर तीन ते पाच सुटी पानं असली, तर ती तिळवण. रानमोहरी, शास्त्रीय नावाने रोरिपा इंडिका, हाताला गुळगुळीत लागते. तिची खालची पानं मुळ्याच्या पानांसारखी कातरलेली, टोकाचा भाग मोठा. पाकळी जेमतेम ३ मिलिमीटरची, तिळवणीची सेंटिमीटरभर.

मग पुंकेसर मोजा. सकाळी नुकतंच उमललेलं फूल घ्या, सुईने पाकळ्या काढा आणि दहापट भिंगातून बघा. मोहरीच्या कुळात केसर सहा: चार लांब, दोन आखूड. पिवळ्या तिळवणीत दहा-बारा किंवा त्याहून जास्त. शिळ्या फुलातले काही गळून गेलेले असतात, तिथेच मोजदाद फसते. नुसता सहाचा आकडाही पुरत नाही, पांढऱ्या तिळवणीतही सहाच असतात. लांब-आखूड हा फरक दिसायलाच हवा.

फुलं संपली असतील तर शेंग बघा. मला हीच खूण सगळ्यात खात्रीची वाटते. पिवळसर पडलेली शेंग घेऊन दोन्ही टरफलं अलगद सोडवा. मधे कागदासारखा पातळ पडदा उरला आणि त्याच्या दोन्ही बाजूंना बिया दिसल्या, तर मोहरीचं कूळ. तिळवणीत नुसती रिकामी चौकट राहते. हिरव्या शेंगेत पडदा फाटतो, म्हणून घाई करू नका. रानमोहरीची शेंग १ ते २.५ सेंटिमीटर, किंचित वाकडी. तिळवणीची बरीच लांब, रेघारेघांची, लवदार.

भाजीचं विचाराल तर रानमोहरीचा कोवळा पाला खातात, पण मेरेवर तणनाशक मारलं असेल तर हात लावू नका. बिया मात्र रानातून गोळा करूच नका. पिवळ्या धोत्र्याच्या बिया मोहरीसारख्याच दिसतात. त्यांची भेसळ झालेल्या मोहरीच्या तेलाने १९९८ साली दिल्लीत माणसं दगावली. काटेरी पान आणि मोडल्यावर निघणारा पिवळा चीक दिसला, की तो पिवळा धोत्रा.